आरएसव्ही: गोठ्यातलं वासरू, घरातलं बाळ आणि लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

ज्यांचा गोठा आणि घर एकाच अंगणात आहे त्यांना पावसाळा संपता संपता हमखास एक काळजी लागते. तिकडे वासरं खोकायला लागलेली असतात, इकडे घरातल्या तान्ह्याची छाती भरलेली असते, आणि मग कुणीतरी म्हणतंच की हे गाईमुळे झालं. दोन्हीकडे कारण आरएसव्ही असू शकतं, हे खरं. पण दोन्हीकडचा आरएसव्ही एकच नाही, आणि ही गोष्ट नीट कळली नाही तर माणसं गाय दूर बांधतात आणि सर्दी झालेल्या पाहुण्याच्या हातात बाळ देतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आरएसव्ही म्हणजे नेमकं काय?

रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, म्हणजे श्वासनलिकांमध्ये वाढणारा विषाणू. नाकातून शिरतो आणि फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांपर्यंत पोचतो. तिथल्या आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींना चिकटवून त्यांचा एकच गठ्ठा करतो, त्या मरतात, गळून पडतात, त्यात शेंबूड-कफ मिसळतो आणि नळीला बूच बसतं. मोठ्या माणसाच्या नळ्या रुंद असतात म्हणून त्याचं सर्दीवर भागतं, दोन महिन्यांच्या बाळाच्या नळ्या मुळातच इतक्या बारीक असतात की थोडी सूज आली तरी हवा आत-बाहेर व्हायची थांबते. वासराचंही तसंच.

माणसांचा आरएसव्ही आणि गुरांचा आरएसव्ही हे एकाच घराण्यातले, पण वेगवेगळे विषाणू आहेत. माणसांचा आधी सापडला, तोही १९५६ मध्ये अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, आणि वर्षभरात तोच बाल्टिमोरमधल्या आजारी बाळांमध्ये मिळाला. गुरांचा १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधून नोंदला गेला, नंतर जपान, बेल्जियम, अमेरिका सगळीकडे.

आमच्या वासराला खोकला झाला आणि चारच दिवसांत बाळाला पण झाला. वासरामुळे झाला ना?

नाही. गुरांच्या आरएसव्हीने माणूस आजारी पडला असं सिद्ध झालेलं नाही. वर्षानुवर्षं गोठ्यात काम करणारे, दूध काढणारे, डॉक्टर, इतके लोक आजारी वासरांच्या तोंडाशी तोंड नेऊन काम करतात तरीही नाही. प्रत्येक विषाणूला पेशीच्या आत शिरायला आणि तिथे टिकायला त्या त्या प्राण्याचं शरीर जुळावं लागतं, गुरांच्या विषाणूला आपल्या शरीरातल्या बचावावर मात करता येत नाही.

मग दोघं एकाच वेळी कसे आजारी पडले? कारण हवामान एकच आहे. ओल, गारठा, दारं-खिडक्या बंद, सगळे एकत्र. वासरं एका कोपऱ्यात दाटीने बांधलेली आणि माणसं एका खोलीत.

यावरून कुणी गाईपासून माणसाला काहीच होत नाही असं समजू नये. ब्रुसेला, टीबी, लेप्टो हे खरोखर जनावराकडून येणारे आजार आहेत, आणि २०२४ पासून अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये बर्ड फ्लू सापडतोय, तो तर वेगळाच विषय. दूध उकळूनच प्यायचं, गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने काढायची नाही, हे नियम आहेत तसेच आहेत. फक्त बाळाच्या आरएसव्हीचं खापर गाईवर फोडू नका.

मग बाळाला येतो कुठून?

घरातून. बहुतेक वेळा शाळेत किंवा अंगणवाडीत जाणाऱ्या मोठ्या भावंडाकडून, नाहीतर "जरा नाक गळतंय, बाकी काही नाही" म्हणणाऱ्या मोठ्या माणसाकडून. शिंकेचे थेंब तर आहेतच, पण हातावरून, खुळखुळ्यावरून, पाळण्याच्या दांडीवरूनही जातो. कडक गुळगुळीत पृष्ठभागावर हा विषाणू काही तास टिकतो. साबणाने मात्र लगेच मरतो, कारण त्याचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं.

बारशाला काय होतं बघा. चाळीस-पन्नास माणसं येतात, प्रत्येक जण बाळाला उचलतो, गालाची पापी घेतो, आणि त्यातल्या निम्म्यांना सर्दी असते. नाही म्हटलं की मावशी-आत्या रुसतात. रुसू देत. सर्दी असलेल्याने बाळाला घ्यायचं नाही हे आजीने सांगितलं तर सगळे ऐकतात, म्हणून हे काम आजीकडे द्या. आईलाच सर्दी झाली असेल तर दूध पाजणं बंद करायचं नाही, तोंडाला रुमाल किंवा मास्क, हात धुवायचे आणि पाजायचं. अंगावरच्या दुधाने आजाराचा जोर कमी राहतो.

उलटं होतं का, माणसाकडून जनावराला?

गाईला आपल्याकडून होत नाही. पण माकडांच्या बाबतीत झालंय. आफ्रिकेत आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातले चिंपांझी खोकून मेले, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्यात माणसांचाच आरएसव्ही आणि त्याचा भाऊबंद असलेला मेटान्यूमोव्हायरस सापडला. म्हणजे संशोधक आणि पर्यटकांची सर्दी त्यांना लागली. तेव्हापासून अशा ठिकाणी मास्क आणि अंतर सक्तीचं झालं. ही गोष्ट वाचून मला फार वाईट वाटलं होतं, ज्यांना बघायला गेले त्यांनाच मारून आले.

साधी सर्दी आहे की छातीत उतरलंय, घरी कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून थोडं लांब लिहितो.

संसर्ग झाल्यावर साधारण चार ते सहा दिवसांनी नाक गळायला लागतं. पहिले दोन-तीन दिवस नुसती सर्दी, थोडा ताप. मग खोकला वाढतो आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी "ठीक आहे" सांगितलं म्हणून चौथ्या दिवशी निर्धास्त राहू नका.

बाळ शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तम, त्याचं झबलं वर करा, आणि मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, बाळाचा श्वास कमी-जास्त होत असतो, पूर्ण मिनिटच मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास आले तर तो जलद श्वास. आशाताई पण असंच मोजतात. मोजताना बरगड्यांच्या खाली बघा. श्वास आत घेताना तिथे खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल तर वाट बघू नका.

दुसरी खूण दुधाची. नेहमीच्या निम्मं पण पीत नाही, दोन घोट घेऊन सोडतं आणि धापा टाकतं, लंगोट बराच वेळ कोरडा आहे, हे सगळं धोक्याचं. ओठ-जीभ निळसर दिसली, बाळ मलूल पडलं, किंवा मध्येच श्वास थांबला तर थेट १०८ ला फोन. अगदी लहान बाळात, विशेषतः दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळात, कधी कधी खोकला-ताप काही नसतं आणि श्वास थांबणं हीच पहिली खूण असते.

मोठ्या माणसाच्या बोटाचा ऑक्सिमीटर तान्ह्या बाळाला लावू नका, तो नीट बसत नाही आणि चुकीचा आकडा दाखवतो.

घरी काय करायचं आणि काय नाही?

नाक मोकळं ठेवायचं. मेडिकलमध्ये सलाईनचे नाकात टाकायचे थेंब मिळतात, दूध पाजायच्या आधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब. तान्हं बाळ नाकानेच श्वास घेतं, नाक बंद असेल तर त्याला पिता येत नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजायचं. तापाला पॅरासिटामॉल, वजनानुसार डॉक्टर सांगतील तेवढंच. बस.

आता करायचं नाही ते. मध चाटवायचा नाही, एक वर्षाच्या आत तर अजिबात नाही. कापूर, बाम छातीला चोळायचं नाही, कापूर लहान बाळाला घातक आहे. खोकल्याची सिरपं नकोत. वेखंड-ओव्याची धुरी नको, बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी नको. आणि संध्याकाळी डास जावेत म्हणून गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतात ना, गोठा घराला लागून असेल तर तो सगळा धूर बाळाच्या खोलीत येतो, वासरालाही त्याचा त्रासच होतो. त्यापेक्षा मच्छरदाणी लावा.

मेळघाटात आणि इतर काही भागांत बाळाचं पोट उडायला लागलं की पोटावर गरम सळईचे डाग देतात. पोट उडतं कारण बाळ श्वासासाठी झगडत असतं, पोटात काही झालेलं नसतं. डाग दिल्याने त्या जिवाला जखमा होतात आणि दवाखान्यात न्यायचा वेळ जातो. कुणी असं करताना दिसलं तर भांडण करत बसू नका, बाळ उचला आणि गाडी काढा. मेळघाटात दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये आरएसव्हीचा अभ्यास झालाय, आणि दवाखान्यापर्यंत न पोचता गावातच दगावणारी मुलं त्यातून समोर आली.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच नाही, डॉक्टर बदलू का?

उलट चांगला डॉक्टर मिळालाय. आरएसव्ही विषाणू आहे, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. सोबत जिवाणूंचा न्यूमोनिया असेल तर डॉक्टर देतातच. या आजारात स्टेरॉइड आणि वाफेतून द्यायच्या दम्याच्या औषधांचाही बाळांना फारसा फायदा होत नाही. दवाखान्यात जे उपयोगी पडतं ते म्हणजे ऑक्सिजन, नाक साफ करणं, नळीने किंवा सलाईनने द्रव देणं, आणि फारच झालं तर श्वासाला आधार देणारं मशीन. ऐकायला साधं वाटतं पण याच साध्या गोष्टींनी जीव वाचतात. जगभरात २०१९ या एका वर्षात पाच वर्षांखालची एक लाखाच्या वर मुलं आरएसव्हीने गेली असा अंदाज आहे, आणि त्यातली जवळजवळ सगळी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली, जिथे वेळेवर ऑक्सिजन मिळत नाही.

एकदा झाला की परत होत नाही ना?

होतो. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला एकदा तरी होऊन जातो आणि पुढे आयुष्यभर परत परत होत राहतो, फक्त बहुतेकांना सर्दीवर निभावतं. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो, काही मुलांना पुढची एक-दोन वर्षं सर्दी झाली की छातीत शिट्टी वाजते.

वासरांमध्ये कसा दिसतो?

बहुतेक सहा महिन्यांच्या आतली वासरं, पण मोठ्या गाईंनाही होतो, त्यांचं दूध अचानक कमी होतं. दोन ते पाच दिवसांत सुरुवात होते. कालवड दूध अर्धवट सोडते, बाजूला मान खाली घालून उभी राहते, डोळ्यांतून-नाकातून पाणी, कोरडा खोकला, ताप १०४ ते १०७ पर्यंत. एकाला झालं की आठवड्यात अर्ध्याहून जास्त गोठा खोकायला लागतो. यातली बरीच बरी होतात. काही मात्र बरी वाटून पुन्हा एकदम ढासळतात: मान पुढे ताणलेली, तोंड उघडं, जीभ बाहेर, तोंडाला फेस, श्वास सोडताना कण्हल्याचा आवाज.

अशा वासराच्या मानेवर आणि पाठीवर हात फिरवून बघा. कातडीखाली पापड चुरल्यासारखं लागलं तर फुप्फुस फाटून हवा कातडीखाली आलीय. हे लागलं की वासराला हलवू नका, पळवू नका, टेम्पोत घालून दवाखान्यात नेऊ नका, डॉक्टरांना गोठ्यात बोलवा. १९६२ वर फोन केला तर सरकारी फिरतं पथक येतं.

सावलीत शांत बसलेल्या वासराचे मिनिटाला चाळीसच्या वर श्वास असतील तर ताप बघा. उन्हाळ्यात भर दुपारी मोजू नका, तेव्हा गरमीने पण धापतं.

हे घटसर्प तर नाही ना?

ही शंका कायम मनात ठेवा, कारण घटसर्पात वेळच मिळत नाही. घटसर्पात घशाखाली गरम, कडक सूज येते, घरघर लागते आणि जनावर एक-दोन दिवसांत, कधी काही तासांत जातं. तो जिवाणूंचा आजार आहे, लवकर इंजेक्शन मिळालं तर वाचण्याची आशा असते आणि पावसाळ्याआधीची लस हाच खरा उपाय. संकरित वासरात गोचीड ताप पण असाच धाप लावतो, त्यात मागच्या पायाच्या वर किंवा खांद्यापुढे गाठी सुजलेल्या हाताला लागतात. गोठ्यात उभं राहून अंदाज बांधण्यापेक्षा डॉक्टरांना रक्त बघू द्या.

वासराला औषध काय?

विषाणूवर औषध नाही. ताप-सूज कमी करायला मेलोक्सिकॅमसारखं इंजेक्शन डॉक्टर देतात, आणि जनावरांमध्ये विषाणूच्या मागोमाग पाश्चरेला, मॅनहायमिया, मायकोप्लाझ्मा हे जिवाणू फुप्फुसात शिरतात म्हणून अँटिबायोटिकही बऱ्याचदा लागतं. म्हणजे बाळाला नको आणि वासराला चालतं यात विरोधाभास नाही. दुभत्या गाईला दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालायचं नाही. डायक्लोफिनॅक कुणी देऊ केलं तर घेऊ नका, गिधाडं मरतात म्हणून ते जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे.

आणि कळकळीची विनंती, खोकणाऱ्या वासराच्या तोंडात बाटलीने काढा ओतू नका. त्याला गिळायची शुद्ध नसते, ठसका लागतो, काढा फुप्फुसात जातो आणि विषाणूतून वाचलं असतं ते वासरू काढ्याने मरतं.

गोठ्यात काय बदलायचं?

वासरं जिथे बसतात तिथे तुम्ही स्वतः उकिडवे बसा आणि पाच मिनिटं श्वास घ्या. उभं असताना वास येत नाही, पण खाली लघवीचा अमोनिया डोळ्यांत झोंबतो, आणि वासरू चोवीस तास तिथेच असतं. तो अमोनिया नळ्यांचं अस्तर सोलवटून ठेवतो, मग विषाणूला आयतं रान मिळतं. थंडीत ताडपत्र्या आणि बारदानांनी गोठा पार सीलबंद करतात, हे चुकतं. वाऱ्याचा झोत अंगावर नको, पण वरून हवा खेळती पाहिजे. खाली कोरडं भुसकट, रोज बदललेलं.

चीक जन्मल्यावर दोन तासांच्या आत आणि पोटभर, पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या निदान दहावा हिस्सा. चिकामुळे आरएसव्ही पूर्ण टळत नाही, पण जोर ओसरतो.

बाजारातून आणलेलं जनावर थेट दावणीला बांधायचं नाही. लोणंद असो, सांगोला असो की घोडेगाव, बाजारात दहा गावांची जनावरं एकमेकांच्या नाकाला नाक लावतात, वर टेम्पोचा प्रवास. दोन-तीन आठवडे लांब बांधा, त्याची बादली वेगळी, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी. आधी निरोगी वासरं, मग आजारी, हा क्रम आणि गमबूट धुणं याने फरक पडतो. नॉर्वेने २०१६ पासून देशभर अशीच मोहीम चालवलीय, जनावरांची ने-आण, कपडे-बूट आणि तपासणी यावर भर देऊन.

जनावरांसाठी लस आहे का? आणि माणसांसाठी?

युरोप-अमेरिकेत गुरांसाठी लस आहे, इंजेक्शनची पण आणि वासराच्या नाकात फवारायची पण. आपल्या सरकारी मोहिमांमध्ये लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी, ब्रुसेला या लसी आहेत, त्या आधी पूर्ण करा.

माणसांच्या लसीची कथा दुःखद आहे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मालिनने मारलेल्या विषाणूची लस बाळांना दिली. पुढे त्यांना नैसर्गिक आरएसव्ही झाला तेव्हा एका चाचणीत लस घेतलेल्या बाधित बाळांपैकी ८० टक्के बाळांना ॲडमिट करावं लागलं, न घेतलेल्यांत जेमतेम ५ टक्क्यांना. दोन बाळं गेली. त्या लसीने चुकीच्या अँटिबॉडी तयार केल्या होत्या, विषाणू अडत नव्हता आणि सूज मात्र वाढत होती. अशाच लसीचा असाच वाईट परिणाम वासरांवरच्या प्रयोगांतही दिसला, आणि त्यातून नक्की काय बिघडतं हे शोधायला मदत झाली, कारण वासराला हा आजार बाळासारखाच होतो, उंदराला तसा होत नाही.

मार्ग सापडायला २०१३ उजाडलं. विषाणू पेशीला चिकटण्याआधी त्याचं एफ नावाचं प्रोटीन ज्या आकारात असतं तो आकार बॅरी ग्रॅहम, जेसन मॅक्लेलन आणि पीटर क्वाँग यांच्या टीमने शोधला आणि तो तसाच टिकवून धरला. गाईच्या विषाणूचं तसंच प्रोटीन बनवून वासरांना दिलं तेव्हा ती छान सुरक्षित राहिली. मग २०२३ मध्ये अमेरिकेत साठीच्या पुढच्यांसाठी लस आली, त्याच वर्षी गरोदर बाईला द्यायची लस आली, जिच्या अँटिबॉडी वारेतून बाळाला मिळतात, आणि नवजात बाळाला द्यायचं निर्सेव्हिमॅब नावाचं तयार अँटिबॉडीचं एक इंजेक्शनही आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये बाळांसाठीच्या या दोन्ही उपायांची शिफारस केली. आपल्या सरकारी लसीकरणाच्या तक्त्यात आरएसव्ही अजून नाही. तो यावा असं मला मनापासून वाटतं, कारण ज्यांच्या बाळांना सगळ्यात जास्त धोका आहे त्यांना महागडं इंजेक्शन विकत घेता येणार नाही. तोवर पेंटा, पीसीव्ही आणि गोवरची लस चुकवू नका, त्याने न्यूमोनियाची बाकीची कारणं तरी कमी होतात.

आजारी गाईचं दूध प्यायलं तर?

दुधातून हा विषाणू माणसाला होत नाही. उकळून प्या. गाईला इंजेक्शन दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस नको, वर लिहिलंय तसं.

वासरू मेलं तर कारण कळेल का?

पोस्टमॉर्टेम करून घ्या, आणि लवकर, काही तासांत. फुप्फुसाचा पुढचा-खालचा भाग यकृतासारखा घट्ट आणि मागचा-वरचा भाग हवेने फुगलेला दिसतो. डॉक्टर तुकडे घेऊन पुण्यात औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतात. जिवंत असेल तर नाकातला स्वॅब आजाराच्या पहिल्या दोन-चार दिवसांत, तोही अजून अँटिबायोटिक न दिलेल्या, नुकताच ताप आलेल्या वासराचा. आठवडाभर खंगलेल्या वासराच्या नाकात विषाणू सापडत नाही आणि मग "टेस्ट निगेटिव्ह आली" म्हणून सगळे चुकीच्या दिशेला जातात.

घरात म्हातारी माणसं आहेत, त्यांना धोका आहे का?

आहे, आणि याकडे कुणाचं लक्षच नसतं. दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), हृदयाचा आजार, मधुमेह असलेल्या सत्तरीच्या माणसाला आरएसव्हीने न्यूमोनिया होऊ शकतो. ताप फारसा नसतो, नुसता खोकला, भूक नाही, चालताना दम, थोडं बरळणं. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या आज्ज्यांची फुप्फुसं आधीच धुराने थकलेली असतात, त्यांना लवकर दाखवा. नातवंडाला सर्दी असताना त्याला आजीच्या अंथरुणात झोपवू नका, निदान पहिला आठवडा तरी.